चालू युद्धाला जुन्या युद्धाचं माप लावावं का? (युक्रेन, फिनलंड आणि आमचं वळिवडे)

कळंब्याचा वाटसरू

नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

गौरी-गणपतीला घरी सगळे जमलो होतो. रात्री युक्रेनचा विषय निघाला. धाकटे काका म्हणाले, "फिनलंडनं १९४० साली रशियाला जमीन दिली आणि देश वाचवला. युक्रेननं तेच करावं, रोज मरणारी पोरं तरी वाचतील." चुलतभाऊ तडकला. म्हणाला, "काका, हे १९३८ चं म्युनिक आहे, हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा देऊन गप्प करायला गेले होते ते. आज दिलं की उद्या पुढचं मागणार." दोघंही मनापासून बोलत होते. पण अर्ध्या तासाने बघतो तर चर्चा १९३८ आणि १९४० मध्येच अडकलेली. युक्रेनमध्ये आज काय चाललंय, यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

मी गप्प बसलो, कारण माझ्याही मनात तिसरी एक तुलना होती. माझ्या आजीचं माहेर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या शेजारी. आज जिथे गांधीनगरची कापडपेठ आहे, तिथे १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. साधारण पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. आजी लहानपणी वडिलांबरोबर तिथे दूध घालायला जायची. एक पोलिश बाई तिला जवळ बसवून तिच्या वेण्या घालायची, हे ती शेवटपर्यंत सांगायची.

ही माणसं कोल्हापुरात आली कशी? त्यांची गावं पूर्व पोलंडमधली. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत लाल सेना तिथे शिरली. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हने रेडिओवर कारण सांगितलं की तिथल्या युक्रेनी आणि बेलारूसी बांधवांचं रक्षण करणं आमचं कर्तव्य आहे. मग १९४० आणि ४१ मध्ये हजारो पोलिश कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात पाठवली. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे काही जण आमच्या पंचगंगेच्या खोऱ्यात पोचले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत युनियनमध्ये गेलेली होती. परत जायला घरच उरलं नाही. बरेच जण पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेले. त्यांच्या त्या गावांकडचा मोठा मुलूख आज पश्चिम युक्रेन आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे पूर्व युक्रेनमधल्या डोनबासच्या लोकांच्या रक्षणासाठी सैन्य पाठवतोय असं पुतीन यांचं भाषण ऐकलं, तेव्हा मला आजीची ती पोलिश बाई आठवली. पण लगेच वाटलं, थांब. १९३९ मध्ये ज्यांच्या 'रक्षणाचं' नाव घेतलं ते युक्रेनी होते. २०२२ मध्ये बाँब पडले तेही युक्रेनी लोकांवरच. शब्द तेच, बाकी माणसं आणि बाजू सगळं फिरलेलं. मग माझी तुलना रास्त आहे, की मला आजीची आठवण येते एवढंच?

ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी लिहावं. पक्षीय राजकारण कृपया नको.

निवृत्त सुभेदार

चांगला धागा. मी इतिहासाचा माणूस नाही, पण मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झाली. बेळगावच्या सेंटरला भरती झालो तेव्हापासून कुट-अल-अमारा हे नाव कानावर आहे, म्हणून लिहितो.

७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), टायग्रिसच्या वळणावर, ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची आपलीच माणसं. बाहेरून सुटकेसाठी आलेल्या फौजेचेच वीस हजारांहून जास्त हताहत झाले, तरी वेढा फुटला नाही. शेवटी धान्य संपलं आणि साधारण तेरा हजारांनी शरणागती पत्करली. वेढ्यात मेले त्याहून कितीतरी जास्त पुढे कैदेत, वाळवंटातून चालताना मेले.

मे २०२२ मध्ये मारिउपोलच्या अझोवस्ताल पोलाद कारखान्यातून चोवीसशेच्या आसपास युक्रेनी सैनिक शरण येऊन बाहेर आले ते टीव्हीवर पाहिलं. काही जण कुबड्यांवर, काहींना स्ट्रेचरवरून आणलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. वेढा, उपास, शरणागती, आणि पुढे कैदेत काय होणार याची कोणालाच खात्री नाही. शिपायाच्या जागेवरून पाहिलं तर ही तुलना मला शंभर टक्के खरी वाटते.

पण वाटसरू, तुमचा प्रश्न वाचून ती उलटी धरून पाहिली. कुटमधली आपली माणसं परक्या मुलखात, साम्राज्याच्या हुकमावरून चढाई करत गेली होती. अझोवस्तालमधली माणसं आपल्याच शहरात लढत होती. भूक सारखी, तिथे बसण्याचं कारण अगदी उलटं. मी फक्त भूक पाहिली असती तर कोण कोणाच्या घरात शिरलंय हेच विसरलो असतो.

दुसरं, पूर्व युक्रेनमधल्या बाखमुत शहराचे फोटो दाखवून लोक पहिल्या महायुद्धातलं व्हर्दूं म्हणतात. खंदक, चिखल, जळलेली झाडं, हे सगळं दिसतं तसंच. पण व्हर्दूंमध्ये शिपाई खंदकातून मागे आला की थोडा श्वास घेऊ शकायचा. आता ड्रोन आघाडीच्या मागे कित्येक किलोमीटर फिरतो. रसद नेणारी गाडी, जखमींना आणणारे, जेवण नेणारा, कोणीच सुटत नाही. पहिल्या महायुद्धाचा अनुभव धरून आज पोरांना शिकवलं तर ती पोरं मरतील. माझ्या दृष्टीने हे तुलनेचं सगळ्यात मोठं नुकसान.

पेठेतली वाचक

सुभेदार साहेब, तुमचा कुटचा मुद्दा मनाला लागला.

मी मात्र स्पष्ट सांगते, अशा तुलनांवर माझा विश्वास उरलेला नाही, आणि सगळ्यात कमी म्युनिकवर. ३० सप्टेंबर १९३८ च्या पहाटे चार देशांनी सही केली. ज्याचा मुलूख कापला त्या चेकोस्लोव्हाकियाला खोलीतही बोलावलं नव्हतं. १५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये होतं. इथपर्यंत वाद नाही. वाद पुढे आहे. १९५६ मध्ये सुएझ कालव्याच्या वेळी ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांना इजिप्तचे नासर म्हणजे नवा हुकूमशहा, आत्ताच ठेचायला हवा असं वाटलं. त्या मोहिमेत ब्रिटनचीच नाचक्की झाली. १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनाममध्ये सैन्य वाढवताना म्युनिकचाच धडा सांगितला. अठ्ठावन्न हजार अमेरिकन आणि त्यांच्या कितीतरी पट व्हिएतनामी माणसं त्यात गेली. इराकच्या वेळीही सद्दामला हिटलरच्या पंक्तीत बसवलं होतं.

म्हणजे ज्याला लढायचंय त्याच्या हाताशी म्युनिक तयार असतं, आणि ज्याला लढायचं नाही तो व्हिएतनाम काढतो. दोघांचाही निर्णय आधी झालेला असतो, इतिहास मागून येतो. आपल्याकडे निवडणूक हरली तरी 'पानिपत झालं' म्हणतात. १७६१ च्या त्या जानेवारीत उपाशी फौज आणि तिच्याबरोबरच्या हजारो यात्रेकरूंचं काय झालं, हे बोलताना कोणाच्या मनात येतं? शब्द झिजून गुळगुळीत होतो आणि आत माणसं होती हेच विसरलं जातं.

माळरान

+१ पेठेतली वाचक. पण मग तुलना करायचीच नाही का? मग शाळेत इतिहास शिकवायचा कशासाठी? खरंच विचारतोय.

बर्फाचा पत्ता

फिनलंडचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी इथे अकरा वर्षं राहते. मूळची नगरची. वाटसरू, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांची गोष्ट अर्धी आहे.

१९३९ च्या शरद ऋतूत सोव्हिएत युनियनने मागणी केली की लेनिनग्राड सीमेपासून जेमतेम बत्तीस किलोमीटरवर आहे, सीमा मागे सरकवा, बदल्यात उत्तरेकडची दुप्पट जमीन घ्या. फिनलंडने नाही म्हटलं. २६ नोव्हेंबरला सीमेजवळ, सोव्हिएत हद्दीतल्या माइनिला गावात तोफगोळे पडले. ते फिनलंडने डागले असा आरोप झाला, पण गोळे सोव्हिएत बाजूचेच होते. ३० तारखेला हल्ला झाला. लगेच सीमेलगतच्या तेरियोकीत ओट्टो कूसिनेन यांचं एक कळसूत्री 'फिन्निश सरकार' उभं केलं. मॉस्कोला काही किलोमीटर जमीन हवी होती की अख्खा देश, हे त्या सरकारावरून समजा.

१०५ दिवस युद्ध चाललं. १३ मार्च १९४० ला थांबलं तेव्हा आधी मागितली होती त्याहून जास्त जमीन द्यावी लागली. विपुरीसारखं मोठं शहर गेलं.

आता काका म्हणतात तो 'सौदा' बघा. ज्या बाल्टिक देशांनी १९३९ मध्ये मागण्या मान्य करून सोव्हिएत तळ येऊ दिले, त्या एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियाचं जून १९४० मध्ये स्वातंत्र्यच गेलं. म्हणजे 'फिनलंडनं जमीन दिली म्हणून वाचला' यापेक्षा 'आधी लढला, मग जमीन दिली' हे वास्तवाच्या जास्त जवळ आहे. आणि शांतता टिकली ती पंधरा महिने. जून १९४१ मध्ये पुन्हा युद्ध, या वेळी जर्मनीच्या सोबतीने, आणि तो डाग इथले लोक आजही लपवत नाहीत. १९४४ मध्ये पुन्हा तह झाला, तीस कोटी डॉलरची युद्धभरपाई बसली. ती १९५२ पर्यंत फेडली.

पण सगळ्यात मोठा फरक माणसांचा. दिलेल्या मुलखात चार लाखांवर लोक राहत होते, आणि फिनलंडची लोकसंख्या तेव्हा साधारण सदतीस लाख. जवळजवळ सगळे उठून उरलेल्या फिनलंडमध्ये आले. सरकारने कायदा करून इतरांच्या जमिनी घेतल्या आणि त्यांना दिल्या. म्हणजे रिकामी जमीन दिली, माणसं दिली नाहीत. युक्रेनच्या ज्या भागाबद्दल बोलणं चाललंय तिथे लाखो माणसं आत्ता राहताहेत. तिथल्या मुलांना रशियात नेल्याच्या आरोपावरून मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने थेट पुतीन यांच्यावर अटक वॉरंट काढलंय. 'फिनलंडसारखं करा' म्हणणाऱ्याने त्या माणसांचं काय करणार हे आधी सांगावं.

इथल्या गावागावांत चर्चच्या आवारात युद्धात पडलेल्यांच्या एकसारख्या कबरींची रांग असते. फिनिश सैन्य शक्य तेवढे मृतदेह आपापल्या गावी आणून पुरत असे. सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी घराघरात खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. तेव्हा कोणी 'आम्ही जमीन देऊन सुटलो' असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये हा देश नाटोत गेला, यातच काय ते आलं.

पेठेतली वाचक

ताई, माहिती उत्तम. पण बघा, तुम्ही काकांची तुलना खोडली आणि बाल्टिक देशांची नवी तुलना पुढे केलीत. युक्रेनने २०१४ मध्ये क्रिमिया लढाईशिवाय गमावला, १९९४ च्या बुडापेस्ट कराराने अण्वस्त्रं सोडली, २०१४-१५ मध्ये डोनबासमधली लढाई थांबवायला मिन्स्कचे करार केले. हे सगळं युक्रेनचं स्वतःचंच आहे. त्यावरूनच बोलता येत नाही का? दुसऱ्याचा इतिहास उसना कशाला?

बर्फाचा पत्ता

मान्य. युक्रेनचा स्वतःचा इतिहास पुढे ठेवा, त्यानेच जास्त कळतं. मी बाल्टिक देश काढले ते काकांच्या म्हणण्यात काय गाळलंय ते दाखवायला. फिनलंड शेवटच्या शब्दासारखा वापरला जातो तेव्हा मला त्रास होतो. इथल्या माणसांनी ते भोगलंय.

लातूरकर

मी २०२२ मध्ये खार्किवला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होतो. फार लिहीत नाही, पण इथे लिहावंसं वाटलं.

२४ फेब्रुवारीपासून आम्ही मेट्रो स्टेशनात होतो. आमच्या होस्टेलजवळच्या इमारतीत राहणाऱ्या एक म्हाताऱ्या आजीबाई शेजारी गोधडीसारखं काहीतरी अंथरून बसल्या होत्या. मला मोडकं रशियन येत होतं. त्या म्हणाल्या, मी लहान होते तेव्हा जर्मन आले होते, तेव्हाही आई आम्हाला तळघरात घेऊन बसायची. खार्किव १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये पडलं, १९४३ च्या फेब्रुवारीत सुटलं, मार्चमध्ये पुन्हा गेलं आणि २३ ऑगस्टला कायमचं सुटलं. तिथे तोच दिवस शहराचा दिवस म्हणून पाळतात. आजीबाई रशियनच बोलत होत्या. मला म्हणाल्या, तेव्हा आम्हाला सोडवायला आले त्यांचीच नातवंडं आता वरून गोळे टाकताहेत.

इथे सगळे तुलना बरोबर की चूक यावर बोलताय. त्या बाईला तुलना करायची नव्हती. तिच्या अंगात ते होतंच. तिला मी काय सांगणार होतो की आजी, ड्रोन तेव्हा नव्हते?

२ मार्चला दूतावासाने संध्याकाळी सहाच्या आत मिळेल तसं, गरज पडली तर पायी, खार्किव सोडा असं सांगितलं. आम्ही खार्किवबाहेरच्या पिसोचिनकडे चालत गेलो. त्या आजीबाईंचं पुढे काय झालं मला कळलं नाही.

निवृत्त सुभेदार

बाळा, लिहिलंस ते बरं केलंस. सुखरूप आलास, देवाची कृपा.

जुनी रशियन डिक्शनरी

लातूरकरच्या आजीबाईंचं वाक्य वाचून राहवलं नाही.

मी पुण्यात रशियन शिकलो. सोव्हिएत पुस्तकं मराठीत स्वस्तात मिळायची तो काळ. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. माझ्या पिढीला त्या देशाबद्दल माया आहे, आणि म्हणून मला हे लिहिताना वाईट वाटतं.

या युद्धातली सगळ्यात मोठी तुलना मॉस्कोतून आली आहे आणि तिच्यावर या धाग्यात अजून कोणी बोललं नाही. 'नाझींचा नायनाट' हे कारण पहिल्याच दिवशी दिलं गेलं. रशियन माणसासाठी १९४१ ते ४५ चं महायुद्ध म्हणजे पितृभूमीचं महान युद्ध. दोन कोटी सत्तर लाख सोव्हिएत माणसं मेली. घर नाही असं एकही की जिथे भिंतीवर फोटो नाही. ९ मे ला लोक ते फोटो हातात धरून चालतात, मी स्वतः पाहिलंय, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण त्या दोन कोटी सत्तर लाखांत लाखो युक्रेनी आहेत. कीवच्या बाबी यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ यहुदी मारले गेले. १ मार्च २०२२ ला शेजारच्या टीव्ही टॉवरवर रशियन क्षेपणास्त्रं आदळली. ज्या देशाचा निवडून आलेला अध्यक्ष स्वतः यहुदी आहे, ज्याचे आजोबा लाल सेनेतून जर्मनांशी लढले, त्या देशाला नाझी म्हणणं म्हणजे भिंतीवरच्या त्या फोटोंचा गैरवापर आहे. मला याचाच जास्त राग येतो. शत्रूने केलेला अपमान समजू शकतो. इथे स्वतःच्याच मेलेल्या माणसांना कामाला लावलंय.

आणि जून २०२२ मध्ये पुतीन यांनी स्वतः पीटर द ग्रेटचं उदाहरण दिलं. तो स्वीडनशी एकवीस वर्षं उत्तरेचं युद्ध लढला, पण त्याने काही हिसकावलं नाही, परत मिळवलं, असं म्हणाले. ती तुलना मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण ती कोणावर लादलेली नाही. तो माणूस स्वतःला कोण समजतो ते त्यातून कळतं.

माळरान, तुमच्या प्रश्नाला माझं हे उत्तर समजा. एखादा नेता कोणती तुलना करतो हे तपासायलाच इतिहास लागतो.

पेठेतली वाचक

हे पटलं. एक भर घालते, माझ्याच मुद्द्याच्या विरुद्ध आहे तरी. म्युनिकमधला एक तुकडा मला आज खरंच उपयोगी वाटतो. तिथे देऊन टाकलेल्या सुडेटनलँडमध्ये जर्मन भाषक राहत होते हे सगळे सांगतात, पण चेकोस्लोव्हाकियाची डोंगरातली तटबंदीही तिथेच होती. मुलूख गेला त्याबरोबर तटबंदी गेली आणि उरलेला देश उघडा पडला. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने चार प्रांत आपले म्हणून जाहीर केले, पूर्ण ताब्यात नसतानाच. त्यातलं खेर्सोन शहर तर दीड महिन्याच्या आत सोडून जावं लागलं. दोनेत्स्कमध्ये स्लोव्ह्यान्स्क आणि क्रामातोर्स्क ही शहरं युक्रेनने २०१४ पासून मजबूत केली आहेत. 'उरलेलं दोनेत्स्क देऊन टाका' म्हणणाऱ्याला विचारावं की तटबंदी दिल्यावर पुढची ओळ कुठे धरायची. यासाठी कोणाला हिटलर म्हणायची गरज नाही. नकाशा पुरेसा आहे.

कळंब्याचा वाटसरू

सगळ्यांचे आभार. लातूरकर, तुझा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला.

काकांना बर्फाचा पत्ता ताईंचं लिहिणं पाठवलं. काकांचा फोन आला. म्हणाले, जमीन रिकामी करून दिली हे मला माहीत नव्हतं. मत बदललं असं नाही. माणसं मरतायत ती थांबायला हवीत, हेच ते म्हणतात, आणि त्यांचं ते चूक आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण 'फिनलंडनं केलं' हे आता म्हणत नाहीत. आता म्हणतात, तिथल्या लोकांना बाहेर यायची वाट ठेवून तह झाला तर? हा निदान आजचा प्रश्न आहे.

माझ्या तुलनेबद्दल. 'रक्षणासाठी आलो' हे शब्द तेच आहेत म्हणून १९३९ आणि २०२२ एक होत नाहीत, हे सुभेदार साहेबांच्या कुटवरून समजलं. शिवाय १९४३ मध्ये त्याच पूर्व पोलंडकडच्या व्होलिनियात युक्रेनी बंडखोरांनी हजारो पोलिश गावकऱ्यांना मारलं. माझ्या गोष्टीत युक्रेनी फक्त सोसणारे आहेत, आणि वळिवड्याला आलेल्यांच्या मागे राहिलेल्या भाऊबंदांच्या गोष्टीत तसे नाहीत. तरीही २०२२ मध्ये त्याच पोलंडने लाखो युक्रेनींना घरात घेतलं. हे सगळं आजीच्या आठवणीत कुठून असणार.

रविवारी महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकाशी जाऊन आलो. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहून दोन दिवसांनी कीवला गेले, तेही तिथे उभं असताना आठवलं.

ताई, एक विचारायचं राहिलं. ते चार लाख लोक, विपुरीकडचे, परत कधी गेले का? वळिवड्याच्या बाईचं मला माहीत आहे, म्हणून विचारतो.

बर्फाचा पत्ता

गेले. १९४१ मध्ये फिनलंडने तो मुलूख परत घेतला तेव्हा अडीच लाखांहून जास्त लोक माघारी गेले. माझ्या ऑफिसमधल्या एकीचे आजी-आजोबा त्यांत होते. घर जळलं होतं, म्हणून आधी सौना (वाफेच्या अंघोळीची खोली) बांधला आणि दोन हिवाळे त्यातच काढले. १९४३ मध्ये घरावर छप्पर चढलं. १९४४ च्या उन्हाळ्यात बटाटे जमिनीत असतानाच पुन्हा निघावं लागलं, आणि या वेळी कायमचं.